राणी रंगाचा दोरा

बाबूराव पेंटर कुणालाही भेटले की जवळ येत नसत, मागे जात. समोर वस्तू असो की माणूस, डोळे बारीक करायचे, मान तिरकी करायची आणि मागे मागे सरकत राहायचं. "जवळून समदंच चांगलं दिसतंय. लांबून दिसलं तर खरं!" असं सरकता सरकता एकदा ते देवगाव फाट्यावर रसाच्या गाड्यावर जाऊन आदळले, आणि पडल्यापडल्याच गाडेवाल्याला त्याच्या पाटीचा हिरवा रंग चुकल्याचं सुनावू लागले!

मी फाट्यावर शिवणक्लास काढला तेव्हा त्यांची गाठ पडली. क्लास होता आत बोळात. माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, मोठ्या मिनतवारीने होकार दिला होता, तोही दिवाळीपर्यंतच. तोवर पोरी आल्या नाहीत तर मशीन घरी आणायची आणि शेतावर जायचं. पोरी येत नव्हत्या. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. म्हणून बोळाच्या तोंडाशी, एस.टी.तून दिसेल अशी पाटी लावायचं ठरलं.

मामंजींची फर्माईश लांबलचक होती. मोर, गणपती, मशीन, गुलाबाची वेल, आणि प्रत्येक अक्षर वेगळ्या रंगात. बाबूरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"मालक, तुमची जमीन रिकामी सोडा."

मामंजी ताडकन उठले. बांधावरून भावकीत आधीच जुंपलेली होती. "माझी जमीन? पडीक ठेवू? तुला कुनी पाठवलं रे बाबू?"

"ओ मालक, पाटीची जमीन! अक्षराच्या मागची!"

बाबूराव हैदराबादेत काम शिकलेले. त्यांच्या धंद्यात मागच्या मोकळ्या रंगाला जमीनच म्हणत. मी पदर तोंडात धरून हसत होते. मामंजी मात्र खाली बसले, विचारात पडले आणि आपणच म्हणाले, "म्हंजे दाट पेरायचं न्हाई म्हन की. दाटीत कणीस भरत न्हाई."

"लय बराबर! एका रंगानं बोलायचं. बाकीच्यांनी गप ऐकायचं."

पांढरी जमीन, गडद निळी अक्षरं. दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे, रंगावरून माणसं माणसाला जोखत होती. निळा बघून कुणीतरी कुजबुजलंच. बाबूराव ब्रश न थांबवता म्हणाले, "पांढऱ्यावर निळं लांबून वाचता येतंय. एवढंच माझं राजकारण."

शेवटी त्यांनी राणी रंगाचा डबा उघडला. पाटीवर सुई चितारली, तिच्या नेढ्यातून दोरा काढला. तो अक्षरांखालून गेला, आणि पाटीच्या काठाशी थांबलाच नाही! खाली उतरला, बोळाच्या भिंतीवरून वळणं घेत थेट माझ्या दारापर्यंत आला. मला तर नाचावंसं वाटलं.

पुढच्याच बाजारच्या दिवशी एक बाई दोन लेकींना घेऊन दारात उभी. तिला अक्षर येत नव्हतं.

"रानी दोऱ्याचा कलास हितंच हाय का?"

हितंच, हितंच! दिवाळीला सतरंजी पुरेना इतक्या पोरी झाल्या. मामंजी स्वतः फाट्यावर उभे राहून बायकांना सांगत, "दोरा धरून जावा!" दिवाळीच्या मुदतीचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

काही वर्षांनी बाबूराव अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेले, मुद्दाम राणी रंगाचं लुगडं नेसून. खाटेजवळ बसले तर म्हणाले, "मला उठवत न्हाई, बाई. आता तुमीच मागं सरका."

मी सरकत उंबऱ्यापर्यंत गेले. त्यांनी डोळे बारीक केले, मान उशीवरच तिरकी केली. "आनखी." मी अंगणात उतरले, उन्हात उभी राहिले. आतून आवाज आला, अगदी पहिल्यासारखा.

"हां! आता रंग बोलायलाय बगा!"

तेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी अंगणात उभी राहून रडत होते. तेवढ्या लांबून त्यांना ते दिसलं नसावं.