यमूच्या लग्नातला वन्स मोअर

उभ्या हयातीत माझ्या शब्दांना एकदाच वन्स मोअर मिळाला, आणि त्यापायी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

तेव्हा मी रत्नागिरीतल्या एका नाटक मंडळीचा पदकार होतो. पदकार म्हणजे काय, तर पेटीवाल्यानं चाल वाजवायची आणि मी तिच्यात शब्द कोंबायचे. ('हृदयवल्लभा' मावलं नाही तर 'सखया', तेही मावलं नाही तर नुसतं 'हाय'! माझ्या नायिका फार हाय हाय करीत, त्याचं कारण हे.) टाळ्या मिळायच्या गवयाला. माझं नाव जाहिरातीत अगदी तळाशी, 'लहान मुले आणू नयेत' याच्याही खाली!

यमूचं लग्न पालीच्या एका घरात ठरलं. मुलगा मुंबईला नोकरीत. मंगलाष्टकं मी करायची हे ओघानंच आलं.

"दादा, साधीच कर हो," यमू म्हणाली. "भटजी म्हणतात तसल्या चालीत."

"साधी? पदकाराच्या बहिणीच्या लग्नात? लोक काय म्हणतील गो?"

मी झकास नाटकी चाल निवडली, तानांना ऐसपैस जागा ठेवली आणि गायला आमच्या मंडळीचे मुख्य गवई रामभाऊ यांना बोलावलं. पेटीसकट!

आमच्या घरापुढच्या खळ्यात मांडव पडला. मध्ये अंतरपाट, अलीकडे यमू, पलीकडे नवरदेव, दोघांच्याही हातात माळा. शेजारी घंगाळात घटिकापात्र तरंगत होतं. बुडाला भोक असलेलं ते तांब्याचं भांडं भरून बुडालं की मुहूर्त. त्याच क्षणी 'सावधान' म्हणून अंतरपाट दूर करायचा. तिकडे लक्ष ठेवायचं काम भटजींचं.

रामभाऊंनी सुरुवात केली आणि 'मंगलम्'वर अशी तान घेतली की मांडवातली कुजबुज थांबली. नवरदेवाचे मुंबईचे मित्र (नाटकगृहाच्या पिटात, स्वस्त तिकिटाच्या जागी बसून तयार झालेले!) मागून ओरडले, "वन्स मोअर!"

नाटकातल्या माणसाच्या कानावर हा शब्द पडला की त्याला पुढचं काही दिसत नाही. रामभाऊंनी झुकून मुजरा केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू!

ते संपतं न संपतं तोच आमचे मिरकरवाड्याचे पाहुणे उठले. "मुंबयवाल्यांनी मागितलानी, मग आम्ही काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं? वन्स मोअर!"

रामभाऊ तिसऱ्यांदा सुरू! आमचे वडील अप्पा माझ्या कानाशी आले. "अरे, आवर त्याला!"

"अप्पा, एवढा समेवर येऊ दे." मी लोकांच्या तोंडांकडे बघत होतो. माझ्या शब्दांवर माना डोलत होत्या! इतक्या वर्षांत हे दृश्य पाहिलं नव्हतं. त्या नादात बहिणीकडे बघायचंच राहिलं.

एवढ्यात नवरदेवाचे वडील तात्या गरजले, "भटजी! घटिका कुठाय?"

भटजींनी डोळे उघडले. (मिटून मांडीवर ताल धरला होता त्यांनी!) घटिका घंगाळाच्या तळाशी होती. कधी बुडाली, कुणालाच ठाऊक नाही.

"मुहूर्त बुडवलान मेल्यानं!" तात्या माझ्याकडे बोट दाखवून ओरडले. "सोड रे मुंडावळ्या. आम्ही निघालो पालीला!"

अंतरपाटाआड यमू माळ घेऊन तशीच उभी. अप्पांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि तात्यांच्या पायांवर ठेवलं. माझे वडील कुणापुढे वाकलेले मी तोवर पाहिले नव्हते.

भटजींनी घाईघाईनं पंचांग चाळून संध्याकाळचा गोरज मुहूर्त काढला. तात्या कसेबसे तयार झाले. "पण एका अटीवर. हा पदकार नि त्याचा गवय मांडवात दिसता कामा नये!"

दिवेलागणीला मी, रामभाऊ आणि पेटी असे तिघे मागच्या विहिरीपाशी बसलो. मांडवात भटजी एकटेच साध्या चालीत मंगलाष्टकं म्हणत होते.

"बेसूर आहेत हो," रामभाऊ म्हणाले.

"तुम्ही गप बसा!"

मग 'सावधान' ऐकू आलं आणि वाजंत्री वाजली. माझ्या एकुलत्या एका बहिणीचं लग्न मी नुसतं ऐकलं, पाहिलं नाही. याची चुटपुट कधी गेली नाही.

निघताना यमू आपण होऊन विहिरीपाशी आली. दिवसभराची उपाशी. मला वाटलं, आता बोलेल चार शब्द. ती म्हणाली, "दादा, गाणं छान होतं हो. फक्त माळ धरून हात भरून आले रे." मला रडूच फुटलं.

ही हकीकत पार दाभोळपर्यंत पोचली. त्यानंतर कुठल्याही गावी माझं पद सुरू झालं की पिटातून आवाज यायचा, "आवरा! घटिका बुडेल!" नायिका विष प्यायला निघालेली असायची आणि प्रेक्षक पोट धरून हसायचे. शेवटी मंडळीच्या मालकांनी नाइलाजानं माझ्याकडून करुण पदं काढून घेतली आणि मला फक्त विनोदी प्रवेशांची पदं लिहायला सांगितली.

तिथं मात्र कुणीही हसलं नाही!