सबजाचे कन्यादान

अख्ख्या झाडीपट्टीत चटणीसाठी पाट्यावर बसणारा पुरुष एकच होता, आणि तो नेमका माझ्याच सासरी निघावा! आमचे मोठे मामाजी, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात त्यांच्या धानापेक्षा त्यांच्या परसातल्या सबजाच्या झुडपाचाच बोलबाला जास्त. जग सबजाचं बी सरबतात भिजवतं आणि झाडाला विसरतं. मामाजी बी लोकांना वाटून टाकत आणि पानांवर जीव टाकत. पान नखानं खुडायचं, विळीचं लोखंड लागलं की ते काळं पडतं, हा त्यांचा पहिला कायदा. मग लसूण, मीठ, देवरीच्या जंगलातली चारोळी आणि वरून जवसाचं तेल, तेही थेंबाथेंबानं. "ठेचू नोको, रगड. पान रागावते," असं मला शिकवायचे आणि वरवंटा मात्र जन्मात कधी हातात दिला नाही.

वाटताना बोलायची बंदी. एकदा गावचे पाटील दारात आले, तर मामाजींनी त्यांना डोळ्यांनीच खाटेवर बसवलं आणि चटणी निघेपर्यंत बसवून ठेवलं. लग्नाच्या पंगतीला जाताना पळसाच्या द्रोणात स्वतःची चटणी न्यायचे. यजमान तोंड वाकडं करतो, याची फिकीर कोणाला? तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. जंगलखात्याचा गोरा साहेब दौऱ्यावर आला, त्यालाही चाखवली. साहेबानं शिपायाकरवी सांगितलं, की युरोपातल्या एका मुलखात अगदी अशीच करतात, वर चीज घालतात. मामाजी घरी येऊन मला म्हणाले, "म्हंजे तिकडचे लोकं अगदीच अडाणी नाईत."

मोठ्या आत्याबाईंनी, त्यांच्या बायकोनं, या वेडाला कधी नाव ठेवलं नाही. उलट चटणीशिवाय त्यांना घास जात नसे. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल गावानं आत्याबाईंना काय काय ऐकवलं असेल, ते मी बाई असून सांगत नाही.

एका वर्षी पाऊस इतका झाला, की वृंदावनातली तुळस कुजली. कार्तिकात तुळशीचं लग्न तर लावायचं. शेजारची म्हातारी म्हणाली, "सबजा तिची बहीणच होय. तिचंच लगन लावा." मामाजी पान खाण्याच्या नादात "लावा की" म्हणून मोकळे झाले. झालं! नवरीचा बाप म्हणून त्यांनाच पाटावर बसवलं. अक्षता पडल्या आणि ज्या झुडपाची पानं हा माणूस रोज रगडायचा, त्याचं कन्यादान करताना त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी पाटा कोरडा.

"मामाजी, चटणी काऊन नाही?" मी विचारलं.

"लेकीले पाट्यावर घेऊ का वो बाई?"

मी पोट धरधरून हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. चटणीचं नावही न काढता त्या रोज वरणभात गिळू लागल्या.

पौषात त्यांना तापानं धरलं. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. आठ दिवस पेजेच्या घोटापलीकडे काही नाही. वैद्य म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर बाई हाती लागणार नाही. त्या दिवशी आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्या, "ते चटणी असती, तं दोन घास खाल्ले असते."

मामाजी परसात गेले. झुडपासमोर उकिडवे बसले. मी मागच्या दारातून बघत होते, पण हसू काही येईना. त्यांनी हात जोडले. "तुही माय जेवून नाई राहिली, बाई. चार पानं दे."

आत्याबाईंनी वाटीभर भात खाल्ला. मग हळूच विचारलं, "लेकीनं देल्ली?"

"देल्ली. काईच म्हणली नाई."

आत्याबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. आज दोघंही नाहीत, आणि मला त्यांची फार आठवण येते. त्या दुखण्यातून उठल्यापासून कोणी नवख्या बाईनं आत्याबाईंना लेकरं किती म्हणून विचारलं, तर त्या खाली बघत नसत. "एक लेक हाये ना," म्हणायच्या. "लगन झालं, पन आमाले सोडून गेली नाई."