अंगठ्याखालची गाठ

आमचे मालक गेवराईला हातगाड्यावर पपया, सीताफळं विकतात. फळ अंगठ्यानं दाबलं की आत काय चाललंय ते आपल्याला कळतं, ह्याचा त्यांना लई गर्व. म्हणून माझ्या गळ्यावर बोराएवढी गाठ आली, तेव्हा त्यांनी तीही दाबली. "मऊ हाय. काही होत न्हाई." मग रोज सकाळी चहाच्या आधी तेच. मी खेकसायची, "अहो, मी काय गाड्यावरची पपई हाय का?" पण खरं सांगू? मला ते आवडायचं.

शेवटी मीच हट्टानं बीडला दवाखान्यात नेलं त्यांना. डॉक्टरीणबाईंनी मला पाण्याचा घोट गिळायला लावला. घोटाबरोबर गाठ वर गेली, खाली आली. "थायरॉईडची आहे. बहुतेक गाठी साध्याच असतात, पण ते नुसतं हातानं ठरत नाही." रक्त तपासलं, ग्रंथीचं काम ठीक निघालं. मग सोनोग्राफी. अंधाऱ्या खोलीत गळ्यावर गार जेल लावलं आणि मी कुठंतरी तरंगतच गेले. पडद्यावर राखाडी धुकं, त्यात एक काळसर डाग हळूहळू सरकत होता. माझ्याच गळ्यातलं होतं ते सगळं, पण भीतीसुद्धा वाटेना. डागाची कड मात्र वेडीवाकडी होती, म्हणून बाईंनी बारीक सुईनं आतल्या पेशी काढून कॅन्सरच्या तपासणीला पाठवल्या.

रिपोर्ट येईपर्यंत मी झोपेत चालल्यासारखी वावरले. भाकरी थापता थापता हात थांबायचा, तव्यावरची करपायची, शेजारणीचं बोलणं उशिरा कानात शिरायचं. आणि मालकांनी माझ्या गळ्याला हात लावणंच सोडलं. चहा घेऊन दाराकडं तोंड करून बसायचे. मला वाटलं, ह्यांनी मला आत्ताच वाटेला लावलं. असा संताप आला! "मेले तर सुटाल एकदाचे," असं तोंडावर बोलले.

रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. वर्षाच्या आत पुन्हा सोनोग्राफी करून बघू."

मी उठले. मालक उठेनात.

"बाई, एक इचारू? मी ती गाठ रोज दाबत होतो. फळ लई दाबलं की तिथंच नासतं. माझ्यानं तर काही झालं न्हाई ना?"

"नाही हो. दाबल्यानं कॅन्सर होत नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

मी बाईंच्या देखतच त्यांचा हात धरला. गेली लाज चुलीत.