पिवळ्या चिंध्यांची वाट

पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी माझी हळदीतली पिवळी साडी टराटरा फाडत होते. लगेच हसू नका, हसण्यासारखं अजून पुष्कळ व्हायचंय.

आमची सानू तिसरीत. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेची सहल गावामागच्या डोंगरावर जाणार होती, माथ्यावरच्या देवळापर्यंत. थंडी नुकती पडलेली. म्हणजे गवत कमरेएवढं, पायवाट त्यात गडप, खडकावर दव, आणि नऊ वाजेपर्यंत असं धुकं की स्वतःचा हात ओळखून घ्यावा. मागच्याच रविवारी बावधनहून फिरायला आलेली एक ताई त्या दवावरून घसरली, पाय मुरगळला, चौघांनी उचलून खाली आणली. माझ्या जिवाला घोर लागणार नाही तर काय?

नवरा उरवड्याला कंपनीत निघाला होता. म्हणाला, "अगं, मॅडम हायेत की बरोबर."

"मॅडम सूसच्या, बिल्डिंगीत ऱ्हाणाऱ्या. त्यांना लिफ्ट ठावी, डोंगराची वाट कुटं ठावी?"

"मग बस काळजी करत. तेवढं तुला झ्याक जमतंय."

मी काळजी करत बसले नाही, तिथंच घोळ झाला. कुणी बघून हसायला नको म्हणून उजाडायच्या आत डोंगर चढले. धुक्यात दर वीस पावलांवर करवंदीच्या जाळीला एक चिंधी बांधली. विळ्यानं वाटेवरचं गवतही कापलं. पोरांना चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही, अशी वाट केली.

दुसऱ्या दिवशी सानू गेली. नऊला माथ्यावरून झेंडा हलवू, असं मॅडमनी सांगितलं होतं. नऊला धुकं विरलं, माथा लख्ख दिसला. झेंडा नाही. साडेनऊ झाले. दहा झाले. माथ्यावर चिटपाखरू नाही. मी भाकरी तव्यावर टाकून पळाले, मागून माझी जाऊ.

अर्ध्या डोंगरावर पाण्याचं टाकं आहे. तिथं वाट फुटते. उजवी माथ्यावर जाते, डावी आमच्या गवताच्या रानात. माझ्या चिंध्या सगळ्या डावीकडे. सहा वर्षं रोज गवताला डावीकडेच वळतेय ना मी. धुक्यात पाय आपले सवयीनं गेले, आणि साडी संपली तिथं माथा आलाच असं धरून मी परतले होते.

रानात पोचले तर बत्तीस पोरं आमच्या गवताच्या भाऱ्यांवर लोळत पोहे खात होती. सगळी धडधाकट. मॅडमनी विचारलं, "ताई, देऊळ कुठाय हो इथं?"

सानू म्हणाली, "मी सांगत हुते, ही आमच्या गवताची वाट हाय. तर मॅडम म्हणल्या, एवढ्या चिंध्या बांधणाऱ्याला डोंगर नीट म्हाईत असंल."

जावेनं एक चिंधी हातात धरून बघितली. "ही साडी कुटंतरी बघितल्यावानी वाटतिया गं."

मग मॅडमच्या पुढं होऊन सानूनंच सगळ्यांना माथ्यावर नेलं. उन्हानं दव वाळलं होतं, एक पोरगं घसरलं नाही. घसरले ती मी, आणि मला हात दिला तो तिनं.

तर या दिवसांत आमच्या डोंगराला येणारं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा: दव वाळल्यावर निघा, टाक्यापाशी उजवीकडे वळा. चिंध्या मी सोडून आणल्यात, पण तीन सापडल्या नाहीत. त्यांच्यामागं जाऊन आमच्या रानात पोचलातच, तर उतरताना गवताचा एक भारा घेऊन या.