भाऊबीजेचा मायक्रोवेव्ह

कुणी काही भेट दिली की इंदूताई आधी तिचे स्क्रू काढायच्या. निवृत्तीच्या दिवशी आम्ही शिक्षकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, तर आभाराचं भाषण करण्याआधी त्यांनी ते उलटं करून मागचं झाकण उघडलं. अध्यक्ष बघतच राहिले. "आधी पोट पाहू दे बाई, तोंड मंग पाहीन," असं त्या मला हळूच म्हणाल्या.

वर्ध्याच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. वर्गात त्यांची भाषा छापील असे. फाटक ओलांडलं की अस्सल वऱ्हाडी. नालवाडीला आमची घरं शेजारीशेजारी होती. त्यांनी लग्न केलं नाही. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ अरुण शाळेत होता, आणि त्याला इंजिनियर करण्यात ताईंची उमेदीची वर्षं गेली. यावर कुणी हळहळलं की त्या फटकारायच्या, "मी काय बळी गेली काय? भाऊ होता, शिकवला."

अरुण पुढे मस्कतला गेला. दिवाळीला येईनासा झाला. मग ऐंशीचं दशक सरत आलं असताना एका भाऊबीजेला तो अचानक दारात उभा. सोबत भलंमोठं खोकं, त्यात मायक्रोवेव्ह. अर्धी नालवाडी बघायला लोटली. विस्तवाशिवाय पापड भाजून निघाला. आतली काचेची ताटली संथ गोल फिरत होती आणि बायका वाकून वाकून बघत होत्या. ही एकच वस्तू ताईंनी उघडली नाही. मी चिडवलं, "याचं पोट नाही का पाहायचं?"

"भावानं आणली ना," त्या म्हणाल्या. चेहरा नुसता उजळला होता.

औक्षण झालं, पुरणपोळ्या झाल्या. मी पानं उचलत होते तेव्हा अरुणनं हिंगणीच्या संत्र्याच्या बगीच्याचा विषय काढला. वडलांच्या मागे तो दोघांच्या नावावर होता. "ताई, तुझं नाव काढून टाकू या. सगळं सोपं होईल. मी काय परका आहे?"

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग मायक्रोवेव्हकडे. "याच्यासाठी आणलं काय रे हे?"

"काहीतरीच काय!" तो हसला.

त्याची सुट्टी संपायच्या आत ताई सेलूच्या कचेरीत जाऊन सही करून आल्या. मी भांडले. त्या म्हणाल्या, "त्याले वावर पाह्यजे होतं. मले भाऊ पाह्यजे होता."

पुढची दिवाळी जवळ आली आणि ती ताटली बंद पडली. दिवा लागायचा, घुंऽऽ आवाज यायचा, ताटली जागची हलायची नाही. भात एका बाजूनं वाफाळायचा, दुसऱ्या बाजूनं थंडगार. "आमच्या अरुण्याच्या मायेसारखा," ताई म्हणायच्या आणि मधेच दार उघडून भांडं हातानं फिरवायच्या. ताटली फिरवणारी छोटी मोटर गेली होती. नागपूरच्या दुकानदारानं ती इकडे मिळत नाही म्हणून सांगितलं. ताई खूशच झाल्या. पोस्टात जाऊन त्यांनी मस्कतला फोन लावला. लाइन खरखरत होती, म्हणून ओरडून बोलल्या, "मोटर घेऊन येजो! भाऊबीजेले येजो!"

तो 'बघतो' म्हणाला. एवढ्यावर ताईंनी घराला चुना काढला.

भाऊबीजेच्या दिवशी पाट मांडलेला, भोवती रांगोळी. दुपारी एक अनोळखी तरुण आला. अरुणच्या हाताखाली काम करणारा, सुट्टीवर नागपूरला आलेला. त्यानं पिशवीतून पुडकं काढून दिलं. "साहेबांना यायला जमलं नाही." पुडक्यात बूटपॉलिशच्या डबीएवढी मोटर होती. ताईंनी त्याला बसवलं, पोटभर फराळ दिला, प्रवासाची चौकशी केली. तो गेल्यावर पाट भिंतीला उभा केला आणि स्क्रूड्रायव्हर घेतला.

"आज राहू द्या ताई," मी म्हटलं.

"काऊन? आली ना मोटर?"

प्लग काढून ठेवला. काचेची ताटली, तिच्याखालचं चाकांचं कडं बाहेर काढलं. आम्ही दोघींनी ते धूड आडवं केलं. "वरचं झाकण उघडाचं नाई. प्लग काढला तरी तिथं वीज साचून राह्यते." त्यांनी फक्त बुडाचा पत्रा उघडला. जुनी मोटर एका स्क्रूवर होती, दोन वायरी ओढून सुटली. नवीवरचे आकडे जुनीशी ताडून पाहिले, वायरी खोचल्या, स्क्रू आवळला. पेलाभर पाणी ठेवून बटण दाबलं. ताटली फिरली, पण पहिल्यापेक्षा उलटी.

"चुकलं का काही?" मी विचारलं.

"नाई. या मोटरीले दिशा नसते. जिकडे जमलं तिकडे फिरते." त्यांनी बटण बंद केलं, स्क्रूड्रायव्हर जागेवर ठेवला. मग कोरड्या आवाजात म्हणाल्या, "चला. आता त्याले इकडे यायचं काही कारणच नाई राह्यलं."

पण तो आला. उन्हाळ्यात, बगीचा विकून टाकायला. व्यवहार उरकून परतताना एका दुपारी घाईघाईनं नालवाडीला डोकावला. ताईंनी जेवायला वाढलं. बगीचा सोडून बाकी सगळी चौकशी केली. त्यालाच राहवलं नसावं. "ताई, दिवाळीला चुकलं. आता ओवाळ ना."

"जेव तू. भाजी घे," ताई म्हणाल्या. "जेवण भावाचं हाये, ते देईन. ओवाळाचं होतं ते ज्याची वाट पाह्यली त्याले. तो काही आला नाई."

अरुण मान खाली घालून जेवला. टॅक्सीनं हॉर्न दिला तसा उठला. पाया पडायला वाकला तेव्हा ताईंनी आशीर्वाद दिला, नेहमीचाच. पण दारापर्यंत गेल्या नाहीत.

वर्षाच्या आतच त्या गेल्या. दवाखान्यात माझा हात धरून बजावलं होतं, "तार करजो त्याले. पण त्याच्यासाठी मले ठेवून घेऊ नको." मी तार केली. शाळेतल्या आम्ही बायका स्मशानात गेलो आणि अग्नी मीच दिला. अरुण पोचला तेव्हा राख सावडून झाली होती. "थोडं थांबला असतात," तो म्हणाला. मी ताईंच्या घराची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि माझ्या घरी आले.