रुक्मानं तलाव कोरडा करायला लावला

आमच्या गावात दोन बायांचं कोणी ऐकत नसे. एक मी आणि दुसरी रुक्मा. माझं अजूनही ऐकत नाहीत. रुक्माचं ऐकावं लागलं आणि त्यात गावाचं भलं झालं, म्हणून तिच्याबद्दल लिहून ठेवते. अक्षर वाकडं आहे, गोष्ट सरळ आहे.

रुक्मा ढिवर मोहल्ल्यातली. नवरा लवकर गेला. डोक्यावर टोपलं घेऊन दवनीवाड्याच्या बाजाराला पायी जायची, मासे विकायची. बोलणं असं, की ऐकणाऱ्यानं आधी खाली बसून घ्यावं. एका मास्तरणीनं विचारलं, मासे शिळे तर नाहीत ना? तर म्हणाली, "शिळे तं आपून आहो बाई, मासे सकाळचे आहेत."

तिचं पोट तलावावर. तलाव मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या काळचा. पाण्यावर आम्हा पोवार शेतकऱ्यांचा हक्क धानासाठी, ढिवरांचा मासोळीसाठी. मातीच्या पाळीखालचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडलं की पाणी आमच्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत, यायचं. आम्हाला वरचं पाणी दिसे. आत काय चाललंय ते रुक्माला ठाऊक. कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती पायाच्या बोटांनी तळ चाचपायची आणि सांगायची, इथं माशांचा चारा, म्हणजे पाण्यातलं गवत, आहे, इथं नाही.

दोन हजार सहानंतर तळात चाराच राहिला नाही. गावच्या नालीची घाण तलावात जाऊ लागली, आणि वरून बेशरमाचं रान माजलं. जांभळट फुलांचं ते झुडूप, जनावरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. अर्धा तलाव त्यानं गिळला. जाळ्यात चिखल यायचा. बांधीत उतरलं की पायांना खाज सुटायची. रुक्माचा थोरला मुलगा रायपूरला कामाला गेला. धाकटा टेकचंद आणि सून रविता, तेही जायच्या गोष्टी करू लागले. रुक्माला दोनच गोष्टी पाहिजे होत्या, तलावात मासोळी आणि घरात टेकचंद. पहिलीशिवाय दुसरी राहणार नव्हती.

ग्रामसभेत ती उठून बोलली आणि खरंच, गाव निघालं. शाळेची लेकरं, बचतगटाच्या बाया, आमच्याकडचे गडी, सगळ्यांच्या हातात विळे नाहीतर कोयते. आठ दिवसांत बेशरम सपाट. कापलेल्या काड्या आम्ही पाळीवर नीट रचल्या आणि त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढला. रुक्मा सांगत होती, "मुळं आतच राहिली ना. आन काड्या तरी जाळा." फोटोच्या गडबडीत कोण ऐकतो?

पाऊस पडला आणि काडी न् काडी फुटली. पाळीच्या आतून फुटली, बाहेरून फुटली. आमच्याकडे बाड्यांची, म्हणजे परसबागांची, कुंपणं याच काड्या रोवून करतात. ही काडी फेकली तरी जगते हे पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक, आणि अख्ख्या गावानं ती मोजूनमापून पाण्याकाठी रचून ठेवली होती.

"फोटो लय झकास आला म्हन्तेत," रुक्मा मला म्हणाली. मीही त्या फोटोत होते, पुढच्या रांगेत.

पुढच्या वर्षी ती पुन्हा उठली. म्हणाली, तुडूम खोला, तलाव पुरा सुकवा, मुळं खोदा, तळ नांगरा. चारा आम्ही बाया लावतो.

तलाव सुकवायचा म्हणजे उन्हाळी धान सोडायचं. गावात सगळ्यात जास्त उन्हाळी धान आमचं. आमच्या घरचे, ग्यानीराम पाटील (नाव घ्यायचं नसतं, लिहायला चालत असावं), तापले.

"तुया मासोळीसाठी आमी पीक सोडावं काऊन?"

"मासोळीसाठी नोका सोडू जी. तुमच्या पायाची खाज काऊन जाऊन नाही राहिली, ते सांगा. गोंदियाच्या डाक्टरचे दोन मलम तं झाले."

लोक हसले. यांना हसू आलं नाही. "आन मागच्यासारखं परत उगवलं तं?"

रुक्मा म्हणाली, "उगवलं तं तलाव सोडतो आमी. जाळे गुंडाळून अख्खा मोहल्ला जातो. मंग पानी तुमचं, बारा महिने."

मागून टेकचंद ओरडला, "माय, कोनाले विचारलं तू?"

"तुले कायले विचारू? तू तं जाऊनच राहिला."

ढिवर मोहल्ल्यातल्या बाकीच्यांनी मात्र रुक्माचा शब्द आपला मानला.

तिसऱ्या दिवशी यांनी स्वतः जाऊन तुडूम उघडलं. मला एवढंच म्हणाले, "तिच्याजवळ होतं ते सारं तिनं लावलं. मी एक पीक धरून बसू का?"

त्या उन्हाळ्यात आधी नालीचं तोंड वळवून खड्ड्यात सोडलं. मग सब्बल, कुदळी घेऊन सगळे तळात उतरले. मूळ निघालं की रुक्मा ते हातात घेऊन बघायची, टोक तुटलेलं असलं की परत खोदायला लावायची. ढीग तिथंच जाळले. ट्रॅक्टर आले, तळ नांगरला. दुपारी पोवारांच्या आणि ढिवरांच्या बाया एका ओळीत बसून शिदोऱ्या सोडायच्या. असं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. पाणी साचू लागल्यावर रुक्मानं तिरोड्याकडच्या एका तलावातून ओल्या पोत्यात चारा आणला आणि आम्हाला तो अंगठ्यानं चिखलात दाबायला शिकवलं. टेकचंद म्हणाला, धानाच्या रोवणीपर्यंत थांबतो, मग पाहू.

श्रावणात मी आमच्या बाडीकडे गेले. बाडी तलावाच्या वरच्या अंगाला. खाली पाण्याच्या कडेला बेशरमाचे पाच-सहा कोंब, एका ओळीत. आणि त्यांच्यासमोर रुक्मा बसलेली.

"उपटून काऊन नाही राहिली?" मी विचारलं.

"उपटलं तं लपवल्यासारखं होते, पाटलीनबाई. शब्द गावाले देला."

मी वाकून माती उकरली. मूळ वर चढत होतं, आणखी वर, आणि आमच्या कुंपणापाशी थांबलं. आमची दुर्गेश्वरी झाली त्या वर्षी मीच रोवलेलं कुंपण. सारा उन्हाळा आम्ही तलाव खोदला, पण आपापलं कुंपण कोणी पाहिलं नाही.

"हे तं आमचं आहे," मी म्हणाले.

"मले दिसलं," रुक्मा म्हणाली. "पन ते मी नाही सांगनार. कुंपन तुमचं आहे."

माझे हात मातीत होते. मी गप्प राहिले असते तर रुक्मा हरली असती आणि तलावाचं पाणी आमचं झालं असतं. तिला हे माझ्याआधी कळलं होतं, तरी ती माझ्याकडे बघत नव्हती.

घरी जाऊन मी यांना आणलं. यांनी मूळ पाहिलं, कुंपण पाहिलं, पुन्हा मूळ पाहिलं.

"तू गप राहिली असती तं तलाव आपला होता."

"हो ना."

"मंग?"

"मंग काय? गप राहायचं मले कधी जमलं आहे?"

त्याच दिवशी चावडीवर जाऊन हे म्हणाले, "तलावातून काही उगवलं नाही. कोंब माया घरचा आहे. रुक्माचा शब्द खरा निंघाला." पोवारातल्या एकाला ते रुचलं नाही. त्याला म्हणाले, "तुयाही बाडीले तेच कुंपन आहे, चाल दाखवतो." आठवडाभरात वरच्या अंगाची सगळी कुंपणं मुळासकट निघाली. बांबूच्या पट्ट्या आल्या.

हिवाळ्यात जाळ्यात मासोळी आली तेव्हा टेकचंद पाण्यातच होता. रायपूरचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. आमचं उन्हाळी धानही पुढल्या साली आलं, थोडं कमी लावलं, तळात माशांपुरतं पाणी ठेवून. हे ठरवताना रुक्माला चावडीवर बसायला जागा करून दिली, आणि तिनं सगळ्यांना पुरून उरेल एवढं ऐकवलं.

मी एकदा तिच्या घरी गेले. म्हटलं, रुक्मा, तुझे उपकार आहेत आमच्यावर. तिनं पाट सरकवला, समोर मासोळी टाकली. "बसा. साफ करू लागा."

मला नीट जमेना. दोनदा तिनं माझ्या हातातून मासोळी काढून घेतली. तिसरी मात्र राहू दिली.