कडकताईंनी घासलेली जमीन

हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्यांना सगळे कडकताई म्हणायचे. एक तर त्यांच्या हातून गेलेला डॉक्टरांचा कोट खुंटीशिवाय उभा राहील इतका कडक असायचा, आणि दुसरं कारण त्यांचा स्वभाव. कॉलरला एवढीशी सुरकुती दिसली की कोट परत टेबलावर. बाहेर वॉर्डबॉय कितीही पाय आपटत उभा असो, कडकताई ढिम्म हलायच्या नाहीत. उभा जन्म असा इस्त्रीपुढे गेला. निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, आता बाई जरा टेकतील.

टेकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. घरात नवरा, सून आणि बोबडं बोलणारी नात. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रात. नातीला खोकला लागला तो जाईना. औषधं झाली, वाफारे झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "घरात जुना गालिचा असेल तर आधी तो काढा. धूळ त्यातच साठते."

बैठकीच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचाच होता. घर घेतलं तेव्हापासूनचा, मूळ रंग कुणाला आठवू नये असा. सासू-सुनांनी मिळून तो उपटला, गुंडाळला, खोकत खोकत दाराबाहेर टाकला. आणि खाली बघतात तर काय, लाकूड! लांबच लांब फळ्या. पण त्यांची अवस्था बघवत नव्हती. कुठे काळे डाग, कुठे जुन्या रंगाचे पोपडे, फटींमध्ये मातीचे थर.

गल्लीतल्या सुताराला बोलावलं. तो भला माणूस. गुडघ्यावर बसला, नखाने लाकूड टोकरून बघितलं. "लाकूड आतून ठणठणीत आहे," तो म्हणाला. "पण घासायचं काम जिवावरचं आहे, आणि मला सध्या मान वर करायला फुरसत नाही. वरून प्लास्टिकच्या पट्ट्या टाका, झटकन होईल."

"आणि आम्हीच घासलं तर?" कडकताईंनी विचारलं.

सुताराने त्यांच्याकडे बघितलं, मग सुनेकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. "मग घासायचं मशीन भाड्याने आणा, पण आधी वर आलेले खिळे आत ठोका. एक जरी राहिला तर मशीनचा कागद फाटलाच समजा."

तो गेल्यावर नवऱ्याने पेपरातून डोकं काढलं. "अगं, तुझं वय काय, मशीन केवढं!"

"वयाचं मशीनला कोण सांगतंय?" कडकताई म्हणाल्या आणि हातोडी शोधायला उठल्या.

जमीन घासायचं मशीन भाड्याने आलं. दिसायला गवत कापायच्या यंत्रासारखं, पण पोटाशी पॉलिशपेपर गुंडाळलेला जाडजूड रूळ. नात आजोबांबरोबर शेजारी धाडली. दाराच्या फटींना ओल्या चादरी लावल्या. कडकताईंनी तोंडाला मास्क बांधला, पदर खोचला आणि बटण दाबलं.

मशीनने जी उचल खाल्ली! कडकताई मागे, मशीन पुढे. खिडकीपाशी गेल्यावर त्यांनी ते कसंबसं आवरलं, घट्ट धरून एका जागी थांबवलं, आणि तिथेच घोटाळा झाला. रूळ फिरतच होता. बटण बंद करेपर्यंत फळीत बशीएवढा खोलगट खळगा पडला. तो आजही आहे. घरी येणाऱ्याला कडकताई स्वतःच बोट दाखवून सांगतात, "हे आमचं पहिलं अक्षर."

सून घाबरली. "आई, राहू द्या. सुतारकाकांना सवड होईपर्यंत थांबू."

कडकताईंनी वाकून खळग्यावरून बोट फिरवलं. मग एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर इस्त्रीच आहे!"

"म्हणजे?"

"इस्त्री एका जागी टेकवली तर कापड जळतं की नाही? हिचंही तेच. आपण चालायला लागल्यावर टेकवायची, आणि थांबायच्या आधी उचलायची. हात सैल, चाल एकसारखी. उगाच कुस्ती खेळत होते मी तिच्याशी."

दुसऱ्या खेपेला मशीन त्यांच्या हातात गाईसारखं चाललं. फळीच्या रेषांच्या दिशेने जायचं, तसंच मागे यायचं, थोडं सरकायचं. खरखरीत कागद, मग मधला, मग बारीक. काळ्या थराखालून मधाच्या रंगाचं लाकूड वर येऊ लागलं. गाठी उघडल्या, रेषा दिसू लागल्या. सून दारातून ओरडली, "आई, केवढं सुंदर आहे हो हे!" मशीनच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नाही, पण तिचा चेहरा बघून कळलं.

मशीन भिंतीच्या कडेला पोचत नव्हतं. कडा सुनेने हाताने घासल्या, लाकडाच्या ठोकळ्याला कागद गुंडाळून. कडकताईंनी भुशात सरस कालवून फटी भरल्या. सगळं झाडलं, ओल्या फडक्याने पुसलं, वाळू दिलं. मग रंग. अक्रोडाच्या सालीसारखी छटा निवडली होती. फडक्याने लावायची, जरा मुरू द्यायची आणि जास्तीची पुसून काढायची. खोली डोळ्यांदेखत पालटली.

रंग वाळला आणि कडकताईंचं तोंड उतरलं. खोलीचा मधला भाग हवा तसा आला होता, पण चारी बाजूंनी भिंतीलगत गडद पट्टा. एखाद्या फोटोला काळी चौकट ठोकावी तसा.

"माझंच चुकलं," सून हळूच म्हणाली. "कडेला मी बारीक कागद फिरवलाच नाही. हात भरून आले होते. खरखरीत जागेने जास्त रंग प्यायला."

नवऱ्याने दारातून डोकावून निकाल दिला. "कपाट येईल, सोफा येईल. कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"माझ्या," कडकताई म्हणाल्या.

त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या, गुडघ्याखाली उशी घेतली आणि गडद पट्टा घासायला लागल्या. थोड्या वेळाने सून समोरच्या कोपऱ्यात बसली. "तू कशाला? हात दुखतायत ना?" "तुमचे दुखत नाहीत का?" एवढंच बोलणं. दोघी कडेकडेने सरकत राहिल्या. मधेच कुणीतरी चहा आणून ठेवला. कडकताईंनी वळून बघितलं तर नवरा बाहेरच्या चादरी झटकत होता, कुणी न सांगता.

पट्टा गेला. पुन्हा लावलेला रंग मधल्या रंगाशी असा मिसळला की जोड कुठे आहे ते खुद्द सुनेलाही सापडेना.

राहिलं क्लिअर वार्निश. ते लावताना खिडक्या जराशाच उघड्या ठेवल्या, वाऱ्याबरोबर धूळ येऊ नये म्हणून. खिडकीपासून सुरुवात करून दाराकडे मागे मागे येत पहिला हात दिला. वाळल्यावर हलका कागद फिरवला, भुकटी पुसली, दुसरा हात. मग तिसरा. ब्रश कडकताईंचा, आणि डोळे सुनेचे. "आई, डावीकडे थेंब. आई, तिथे केस चिकटलाय." एवढा हुकूम कडकताईंनी लाँड्रीच्या साहेबाचाही ऐकला नव्हता.

वार्निश पक्कं झालं त्या सकाळी ऊन तिरपं आत आलं. फळ्यांवर ते असं पसरलं की खोली दुप्पट वाटायला लागली. नात अनवाणी धावली, घसरून बसली, हसली आणि पुन्हा धावली.

तेवढ्यात जहाजावरून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. सुनेने फोन जमिनीकडे वळवला.

"अरे वा! कुठलं हॉटेल हे?"

"हॉटेल काय रे, आपली बैठकीची खोली," नवरा मागून म्हणाला.

"काय सांगता! काम कुणाला दिलंत?"

"कुणाला देणार? तुझ्या आईने आणि तुझ्या बायकोने केलंय. मशीन चालवलं, रंग दिला, वार्निश मारलं. मी फक्त चहा केला." नवऱ्याचा आवाज इतका चढला होता की भिंतीपलीकडे शेजाऱ्यांनाही ऐकू जावा.

मुलाचा विश्वास बसेना. मग त्याने तिकडे कुणालातरी हाक मारली. फोनच्या चौकटीत एकेक डोकं घुसू लागलं. जहाजावरचा स्वयंपाकी, इंजिनवाला, आणखी कोणकोण. "बघा, बघा, माझ्या आईने केलंय हे!" मुलगा सगळ्यांना सांगत होता. "आई, समोर ये ना, सगळ्यांना बघायचंय तुला."

सुनेने फोन त्यांच्याकडे फिरवला. कडकताईंच्या केसांत अजून भुशाचे कण होते, नखांत अक्रोडी रंग होता. त्यांनी झटकन हात आडवा धरला.

"माझं तोंड काय बघायचंय त्यांना? फोन खाली धर. अजून खाली. हां, आता त्या गाठीवर ऊन पडलंय ना, ते दाखव."